मंदाची थप्पी आणि रऊफसर

श्री. अब्दुल रऊफ मिस्त्री, म्हणजे आम्हा सर्वांचे रऊफसर, यांची आणि माझी पहिली भेट उमरखेडच्या एका शेती अवजारांच्या ठोक दुकानात झाली आणि त्या भेटीत मी सपशेल तोंडावर आपटले. तेव्हा मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या बाजूला होते. मालकांच्या थंडगार केबिनमध्ये रंगीत आलेख दाखवून झाले होते, मालक मान डोलावत होते. कोपऱ्यात बसलेल्या गृहस्थांना सल्ल्यासाठी बोलावलं आहे, एवढंच मला ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे बाहेर काउंटरवर दाखवता का? चालवणार तर गजाननभाऊ हायेत."

काउंटरवर तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला "मागच्या साली नेलता तसाच" फवारणी पंपाचा वायसर हवा होता. माझ्या सॉफ्टवेअरला त्या वायसरचा नऊ आकडी क्रमांक हवा होता. गजाननभाऊंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उठून फळीवरून वायसर काढून दिला. निघताना सर मला म्हणाले, "सॉफ्टवेअर चांगलं हाय, बेटा. या दुकानाच्या कामाचं नाही." पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला आणि मी बाजू बदलून त्यांच्याकडे कामाला लागले.

सरांचे वडील यवतमाळात ऑइल इंजिन दुरुस्त करायचे. इंजिन उघडण्याआधी ते चालू ठेवून ऐकायचं, ही त्यांची शिस्त. सरांनी ती कारखान्यांना लावली. कोणत्याही कंपनीसाठी सॉफ्टवेअर निवडण्याआधी सर तिथे तीन दिवस नुसते बसतात. संगणक उघडत नाहीत. माणसं एकमेकांना काय विचारतात, ते शाळेच्या वहीत लिहून घेतात. मालकांना वाटतं, हा माणूस वेळ काढतो आहे. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. एका डाळ मिलमध्ये तीन दिवस बसून त्यांनी मालकांना काय सांगितलं, तर तुम्हाला सॉफ्टवेअरची गरज नाही, दारातला फळा मात्र रोज पुसत जा! हातचं काम गेलं म्हणून मी परतीच्या वाटेवर तासभर फुगून बसले. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

सर सर्वगुणसंपन्न आहेत असं मी म्हणणार नाही. ते जेवताना फोन उचलत नाहीत, मग कारखाना बंद पडलेला असो. विक्रेत्याने दिलेली चकचकीत पुस्तिका ते त्याच्यासमोर न उघडता परत करतात. कौतुक तर त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. अकरा वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या एका बियाणे कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. माझं गाव बोरी अरब, तिथून जवळच. म्हणून सरांनी मला एकटीला पाठवलं आणि तीन दिवस गोदामात बसायला सांगितलं. मी दीड दिवस बसले. आपल्याच भागातली माणसं, यात नवीन ते काय पाहायचं, असं मला वाटलं. सरांना मात्र तीन दिवस झाले असंच सांगितलं.

गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या गंगाबाई. त्यांच्याकडे पहिलं पोतं जिने ठेवलं, तिच्या नावाने ती थप्पी ओळखली जाई. शांताची थप्पी, मंदाची थप्पी. थप्पी दुसरीकडे हलवली तरी नाव तिच्यासोबत जाई. मी सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवरच्या जागांना क्रमांक दिले. थप्प्या जागा बदलतात, हे मला कळलंच नव्हतं. ते बहुधा उरलेल्या दीड दिवसात कळलं असतं.

पेरणीच्या तोंडावर उगवण चाचणीत नापास झालेली सोयाबीनची थप्पी हलवली गेली, ती नेमकी पास झालेल्या थप्पीच्या, रिकाम्या झालेल्या जागी. सॉफ्टवेअरने पास म्हणून त्याच जागेचा क्रमांक दाखवला आणि गंगाबाई घरी गेल्यावर, रात्री पोती ट्रकमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाईंनीच विचारलं, "मंदाची थप्पी कुठं गेली? थे तं नापास झालती ना?"

ट्रक उमरखेडहून, पोती उतरायच्या आत परत फिरवला. एकही पोतं शेतात गेलं नाही. पण मालक संतापले होते आणि त्यांना माणूस हवा होता. त्यांनी गंगाबाईंना बोलावलं. गंगाबाई म्हणाल्या, "कम्प्युटरनं जो नंबर सांगतला, माह्या बायाइनं थ्योच भरला. मी काहून खोटं बोलू?" मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तिथेच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

ट्रकचं कळताच धावत आलेले रऊफसर तेव्हा खुर्चीतून उठले. "बाईची चूक नाही. गोदाम नीट न पाहता मांडणी केली. चूक माही हाय," ते म्हणाले. गंगाबाई राहिल्या. आमचं काम गेलं. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही बियाणे कारखान्याने सरांना दारात उभं केलं नाही.

गाडीत मी रडत सगळं कबूल केलं. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मले मालूम होतं. तुह्या वहीत दीडच दिवसाचं लिहेल होतं. तुले पाठवलं कोणं? म्याच ना? आता रडून काय होते? उद्या जाय अन् राहिलेला दीड दिवस बसून ये. काम गेलं तरी बिघडवलेलं दुरुस्त करून द्या लागते." मी गेले. गंगाबाईंनी मला बसायला पोतं दिलं आणि एकेक थप्पी नावानिशी दाखवली.

त्यानंतर जिल्ह्यात सरांची कामं पुन्हा वाढली, पण "रऊफमियांनी एकदा बियाण्यात घोळ केला होता" हे वाक्य आजही चहाच्या टेबलावर निघतं. ते निघालं की मी कप उचलते आणि दुसरीकडे पाहते. सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी सरांना विचारलं, ते लिहू का? म्हणाले, "कायले लिहतं आता? लोक विसरून राह्यले." सर, लोक विसरलेले नाहीत. घोळ मी केला होता. गंगाबाईंची नोकरी जात असताना गप्प मी होते, आणि त्यानंतर अकरा वर्षंही.

सरांनी आता साठी गाठली आहे. त्यांना निरोगी आणि भरपूर लांब आयुष्य लाभो. निदान इतकं लांब, की ती चूक त्यांची नव्हती, हे त्यांना या जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकता यावं.