दुसऱ्या फलाटावरची गाडी

"कुठून? आणि किती वाजता?"

कुणी काहीही सांगायला गेलं की आमच्या शेजाऱ्यांचे हे दोन प्रश्न ठरलेले असत. माझी मुलगी सायकलवरून पडल्याचं सांगत होती, तेव्हाही त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हेच विचारलं होतं. तुम्हीही अशी काटेकोर माणसं पाहिली असतील. आधी त्यांचा वैतागच येतो. मलाही आला होता.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. डच लोक शेजाऱ्याला 'बूरमन' म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणत असू. मूळचे बोस्नियाचे. तिथलं यादवी युद्ध पेटल्यावर निर्वासित म्हणून इकडे आले आणि इथल्या एका गोदामात नोकरी करून निवृत्त झाले. बायको इथेच वारली होती. त्यांच्या आधीच्या आयुष्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. एकदा कुंपणापाशी बोलता बोलता मी सहज म्हणाले, की माझे वडील भुसावळच्या यार्डात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जाणार ते त्यांच्या हातात असायचं. बूरमन मला सरळ आत घेऊन गेले.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच नव्हती. भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळ्या उलट्या पसरून त्यावर त्यांनी आपल्या गावाचा नकाशा काढला होता. एक रूळ समुद्राकडे, एक राजधानीकडे, एक कोळशाच्या खाणींकडे. तिन्ही जिथे मिळत, तिथल्या सिग्नल केबिनमध्ये ते कामाला होते. युद्धात सगळ्यांनाच हे गाव हवं होतं, कारण जंक्शन ज्याच्या हातात, त्याच्याच तोफांना दारूगोळा पोचणार. गाव तीनदा इकडून तिकडे गेलं, आणि ते तीनही वेळा केबिनमध्येच होते.

या गावाचा युद्धातला इतिहास ते बारा वर्षं लिहीत होते. स्वीडन, ऑस्ट्रिया, जर्मनी, जिथे जिथे गावची माणसं पांगली होती तिथे पत्रं पाठवायची, फोन करायचे. नुसती आपल्या बाजूच्यांना नाही. 'शत्रू' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, ते 'पलीकडचे' म्हणत.

पुढे दर शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. नकाशे संगणकावर उतरवणं आणि ते डचमध्ये सांगतील ते टाइप करून पानं जुळवणं हे माझं काम. माझं दिवसभराचं ऑफिसचं काम मला आठवड्याच्या शेवटी आठवत नसे, पण त्या गावाचा एकेक सांधा मला पाठ झाला. विजेच्या तारा तुटल्यावर खाणीतली जुनी वाफेची इंजिनं आणून गाड्या ओढल्या होत्या. गावाबाहेरच्या बोगद्यात डबे उभे करून त्यात माणसं राहत होती. एका डब्यात शाळा भरत होती, आणि शिक्षिका इंजिनाच्या कोळशाने डब्याच्या भिंतीवर गणितं लिहीत असे. हे ऐकताना माझी बोटं थांबायची. बूरमन शांतपणे म्हणायचे, "तारीख घातलीस ना?"

एका शनिवारी मास्ट्रिख्टहून एक गृहस्थ आले. पलीकडच्या सैन्यात तोफखान्यावर होते, आणि याच गावावर त्यांनी गोळे टाकले होते. बूरमननीच त्यांना शोधून बोलावलं होतं. त्यांनी येताना आपली जुनी वही आणली होती. दोघे त्यांच्या भाषेत बोलत होते, त्यामुळे मला शब्द कळत नव्हते. पण पाहुण्यांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि बूरमननी चष्मा डोळ्यांवर घेऊन ती पुन्हा पुन्हा वाचली, ते मला दिसलं. मग ते उठले, त्यांनी सूप गरम केलं, पाहुण्यांना वाढलं आणि स्वतः स्टेशनपर्यंत सोडून आले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्या सकाळी स्टेशनात दोन गाड्या उभ्या होत्या. पहिल्या फलाटावर दारूगोळ्याची. दुसऱ्या फलाटावर गाव सोडून निघालेल्या बायका आणि म्हातारी माणसं. नऊला प्रवाशांची गाडी सुटायची होती. ऐन वेळी एक लष्करी अधिकारी केबिनमध्ये चढून आला आणि त्याने दारूगोळा आधी काढायला सांगितलं. बूरमननी लिव्हर ओढला. मार्ग एकेरी, पहिली गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत दुसरीला थांबणं भाग होतं. ती उभी असतानाच तिच्यावर गोळे पडले.

केबिनमधली नोंदवही जळून गेली होती. पहिला गोळा नऊ पाचला पडला, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. म्हणजे ती गाडी वेळेवर सुटली असती तरी उघड्यावरच सापडली असती. तीस वर्षं ते एवढ्या आधारावर झोपत होते. तोफखान्याच्या वहीत वेळ होती नऊ वीस. नऊला सुटली असती, तर बोगदा सहा मिनिटांवर होता.

मी म्हटलं, की 'ड्यूटीवरचा कर्मचारी' एवढंच लिहू या, नाव कशाला. माझ्या वडिलांचा हात माझ्या डोळ्यांपुढे होता.

"हात माझा होता," ते म्हणाले. "दुसऱ्यांची नावं मी विचारून विचारून लिहिली. लिही."

मी लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती.

पुस्तक छापून झाल्यावर इथल्या वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या गावची साठ-सत्तर माणसं जमली. बूरमननी नेमकं तेच पान निवडलं आणि उभ्याने वाचलं. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठली. पन्नाशीची असेल, इथेच एका दवाखान्यात परिचारिका होती. तिची आई त्या गाडीत होती. गोळे पडणार हे तुम्हाला माहीत होतं का, असं तिने विचारलं. तिने डच भाषेत विचारलं, म्हणून मला समजलं.

"माहीत नव्हतं," बूरमन म्हणाले. "पण भीती होती. तरी ओढला."

ती कोट उचलून निघून गेली. मला वाटलं, आता हे खचणार. ते खुर्च्या आवरू लागले.

तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. 'तुमच्या पुस्तकात चाळीसेक प्रवासी मेले असं लिहिलं आहे,' तिने लिहिलं होतं. 'त्यांना नावं होती.' खाली तिच्या गल्लीतल्या अकरा जणांची नावं होती. क्षमेबद्दल एक शब्दही नव्हता. बूरमननी पत्र दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी तिला फोन केला.

त्यानंतर वर्षभर ते दोघं मिळून नावं शोधत होते. ती रविवारी यायची. पहिल्यांदा कोट अंगावर ठेवूनच बसली, पुढे पुढे दारात काढून टाकू लागली. बूरमनचं हृदय थकत चाललं होतं, तरी फोनवर त्यांचा आवाज खणखणीत असे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा एकतीस नावं मिळाली होती. त्यांच्या दफनाच्या वेळी मास्ट्रिख्टचे गृहस्थही आले होते आणि त्या बाईपासून चार पावलं दूर उभे होते. परतताना तिने त्यांना आपल्या गाडीतून स्टेशनवर सोडलं.

शेजारच्या घरात आता एक विद्यार्थिनी राहते.

गेल्या महिन्यात त्या बाईचा फोन आला. आणखी एक नाव मिळालं होतं. गावचा न्हावी, गाडी सुटायची म्हणून धावत येऊन चढला होता. मी नावांची फाइल उघडली. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मी वर्णानुक्रमाने त्याच्या जागी टाइप केलं. खालची नावं एकेका ओळीने सरकली आणि शेवटचं नाव पुढच्या कोऱ्या पानावर गेलं.