एका शाईचा काळा

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. हा माणूस चांगला जिवंत आहे, छापखान्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, तेव्हा ती अडचण मला नाही.

आमच्याकडे सगळे त्यांना झाकण म्हणायचे. तोंडावर अर्थात सर. औषधांची खोकी, साबणाची वेष्टणं, बरण्यांवरची लेबलं, जे काही छापलं जायचं त्याचं डिझाइन सर करायचे. हात असा चालायचा की बघत राहावं. पण बघू देतील तर ना! कोणी मागे येऊन उभं राहिलं की डाव्या हातावर रुमाल टाकायचे, कीबोर्डवरची कुठली बटणं दाबली ते दिसू नये म्हणून. मी शेजारच्या टेबलावर मजकूर टाइप करायचे. एकदा स्वारी खुशीत बघून म्हटलं, "सर, मलाही थोडं शिकवा की."

"बाई, तुम्ही तुमच्या वेलांट्या सांभाळा," ते म्हणाले.

मशीनवाले काका खो खो हसले. मीही हसले. अकरा वर्षं शेजारी बसले, पण त्या हसण्याचा राग काही गेला नाही.

मग एका सोमवारी मालक तावातावाने आत आले. "सॉफ्टवेअर आहे का बंगला आहे? जन्मभर भाडंच भरत बसायचं? बंद करून टाकलंय मी. आजपासून फुकटातलं वापरायचं. जगभरची माणसं मिळून बनवतात म्हणे, कोणाच्या बापाचं नाही."

सरांनी नवा प्रोग्रॅम उघडला आणि पहिल्याच तासात घामाघूम झाले. हात सवयीने जुन्याच बटणांवर जायचा आणि पडद्यावर भलतंच व्हायचं. चित्र मोठं करायला जावं तर ते गायब. बावीस वर्षांची विद्या एका सकाळीत पाण्यात गेली. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला तो प्रोग्रॅम सोपा गेला, कारण जुनं काही विसरायचंच नव्हतं. महिन्याभरात मी लेबलं करायला लागले. मालकांनी ते हेरलं आणि माझ्यादेखत सरांना म्हणाले, "तीन महिने बघतो. दोन खुर्च्यांचं काम नाही इथे. ज्याला जमेल तो राहील."

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. हातात दोनशे पानी वही.

"ताई, जरा दाखवता का?"

इतकी वर्षं बाई होते, त्या दिवशी ताई झाले.

मी दाखवलं. अगदी मन लावून दाखवलं. ते आकडे घालून एकेक पायरी लिहून घ्यायचे, रेघा मारायचे, घरी जाऊन पाठ करायचे. तिसऱ्या महिन्यात हात पुन्हा चालायला लागला. माझ्यापेक्षा सुबक काम करू लागले. मालक त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेले, आणि मी कॅलेंडरवर तीन महिन्यांतले उरलेले दिवस मोजले.

एकच गोष्ट मी दाखवली नव्हती. ह्या प्रोग्रॅममधला काळा रंग छापायला गेला की निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चारही शायांचा मिळून बनतो. मोठ्या अक्षरांना चालतं. बारीक अक्षरांना मात्र तो काळा एकट्या काळ्या शाईवर टाकून घ्यावा लागतो, तोही दुसऱ्याच एका फुकट प्रोग्रॅममधून. मला ते एका फसलेल्या नमुन्यावरून कळलं होतं. तोवर बारीक अक्षरांची कामं माझ्याकडेच यायची, मी गुपचूप करून टाकायचे.

डोळ्यांच्या औषधाच्या खोक्याचं काम येणार होतं. किती थेंब, किती वेळा, सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. ते कधी येणार हे मला माहीत होतं. मी दोन दिवसांची रजा टाकली, बहिणीचं सामान हलवायचंय म्हणून. बहीण कुठेही जाणार नव्हती.

काम सरांकडे गेलं. पहिले कागद ठीक निघाले. मग मशीन तापलं, कागद केसभर सरकायला लागला आणि चार शायांची अक्षरं एकमेकांवरून घसरली. सगळी खोकी परत आली. एक की सात थेंब, ते कोणालाही वाचता येत नव्हतं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "ताई, हे काळ्या रंगाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"सरांना सांगितलं होतं?"

सर वहीची पानं उलटत होते. पुढून मागे, मागून पुढे.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. "सांगितलं असेल," ते म्हणाले. "ताईंनी माझ्यापासून काही लपवलं नाही. माझ्याच डोक्यातून गेलं असेल." त्याच दुपारी त्यांनी टेबल रिकामं केलं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. मी दुपारी एकटीच डबा खात होते.

"ताई, ते दिवसभर ती वही घेऊन बसतात. म्हणतात, माझी स्मरणशक्ती गेली, मला वेड लागत चाललंय. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही म्हणाले, पण ऐकतच नाहीत. एकटे बाहेर जात नाहीत, घर सापडणार नाही म्हणून घाबरतात." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडून दाखवायचं राहून गेलं होतं का हो? तसं असलं तर नुसतं सांगा. कोणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. तेवढ्याने माणूस उठून बसेल माझा."

नोकरी आता माझी पक्की होती. ऐकायलाही जवळ कोणी नव्हतं.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "चांगलं दोनदा दाखवलं होतं."