गाळात मिटलेल्या गोगलगायी

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात टेंभुर्णीतल्या आमच्या परसातलं छोटं तळं आटलं आणि त्यातल्या गोगलगायी दिसेनाशा झाल्या. बायकोनं त्या ओढ्यातून आणून दोन वर्षं जपल्या होत्या. आटलेल्या तळ्याचा गाळ आमच्याकडे शेतात टाकतात, म्हणून धाकटा भाऊ खोरं घेऊन आला. गाळाला शेवाळाचा उग्र वास येत होता. वीतभर खणल्यावर शंख लागले. सगळ्यांची तोंडं टणक झाकणांनी बंद होती. "मेल्या ह्या, वैनी," भाऊ म्हणाला. बायकोनं एक शंख पाण्याच्या बादलीत सोडला. "टँकरचं पाणी मेलेल्यांना पाजून राह्यल्या का?" "घंटाभर थांबा, भाऊजी. जिती असंल तर झाकण उघडंल." "अन् न्हाई उघडलं तर?" "मंग गाळ तुमचा." आम्ही तिघं बादलीभोवती बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग झाकण केसभर सरकलं, आतून करडं मांस बाहेर आलं आणि त्यापाठोपाठ दोन बारीक शिंगं. भावानं खोरं भिंतीला टेकवलं आणि गाळ हातानं चाळायला घेतला. संध्याकाळपर्यंत सतरा शंख निघाले, ते सगळे बादलीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या सोळांची झाकणं उघडी होती.