काड्यापेट्यांचा काँप्युटर

प्रल्हाददादाकडे स्वतःचा काँप्युटर होता. काड्यापेटीच्या अकरा रिकाम्या पेट्यांचा. बिस्किटाच्या जुन्या डब्यात तो मावायचा. प्रत्येक पेटीवर एक इंग्रजी अक्षर आणि आत आकड्याची चिठ्ठी. वहीतल्या प्रोग्रामची एकेक ओळ वाचायची, तिथं सांगितलेलं गणित करायचं, सांगितलेल्या पेटीतली चिठ्ठी बदलायची. शेवटच्या ओळीला बरोबर उत्तर निघालं की प्रोग्राम पास. खरं मशीन जे डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, त्याला दादाला पाऊण तास लागायचा.

औरंगाबादला काँप्युटरच्या पदविकेसाठी आम्ही एका खोलीत राहायचो. तिथं खऱ्या मशीनवर आठवड्याला अर्धा तास मिळायचा, म्हणून हा उद्योग. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला पाटील. पदविका घेऊन दोघंही भूम तालुक्यात परतलो, ते ऐन दुष्काळात. विहिरींचे तळ दिसत होते, आणि आम्ही नेमकं काय शिकून आलो हे गावाला समजावून सांगताना तोंड दुखायचं.

माझ्या घरी बसून खायची सोय होती. दादाला वडील नव्हते, आई थकलेली. तिला सोडून पुण्या-मुंबईला जाणं त्याला शक्य नव्हतं; नोकरी मिळाली तर जिल्ह्यातच मिळायला हवी होती. तोवर तो रोजगार हमीच्या पाझर तलावावर खडी फोडायचा. मुकादम त्याला सगळ्यांदेखत ‘काँप्युटरसाहेब’ म्हणायचा. दादा हसून ‘व्हय’ म्हणायचा आणि दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली पेट्या मांडायचा.

त्याचे नियम ठरलेले होते. रोज एक प्रोग्राम, आणि बाजारच्या दिवशी एक अर्ज. “अर्ज टाकला की इसरायचं,” तो म्हणायचा. “पोस्टमनची वाट बघत बसलेला गडी कशाच्याच कामाचा राहत न्हाय.” नकाराची पत्रं तो फाडत नसे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर प्रोग्राम लिहायचा. “कागद झ्याक हाय की! त्यांचं लिहून झालं, आता आपलं.”

मी मात्र चार-पाच नकारांतच गळून गेलो. दाढी वाढवून भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागलो. हे कळल्यावर दादा सायकल हाणत आला. ओसरीच्या पायरीवर बसला, आईनं दिलेलं पाणी प्यायला आणि तिथूनच ओरडला, “ऊठ पाटील! निजलेल्याला कुणी मुलाखतीचा कॉल धाडलाय का?” मी चिडून म्हणालो, “तुला तरी कुठं आलाय?” त्यानं तांब्या पायरीवर ठेवला. मग म्हणाला, “न्हाय आला. मला बी रोज सकाळी उठू वाटत न्हाय. पर हात गंजला, अन् मगच नोकरी आली, तर कुठल्या तोंडानं बसू मशीनपुढं?” त्या दिवसापासून रोज नाही, पण दिवसाआड मी वही उघडू लागलो.

मग जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं काँप्युटर घेतला. रानात ऊस वाळत होता, पण कचेरीत काँप्युटर आला. त्यावर बसायला एक माणूस हवा होता. दादानं जाहिरात चार वेळा वाचली. “माझ्या आईपासून बसनं दोन तास,” एवढंच म्हणाला.

आम्ही दोघंही परीक्षेला बसलो; उसाच्या वजनाचा प्रोग्राम लिहायचा होता. दादानं तो अर्ध्या वेळात लिहून दिला. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस तपासायला आला होता, तो सगळ्यांसमोर म्हणाला, “यात चूकच नाही.” मुलाखतीला दादा आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याला गाव आणि आडनाव विचारलं होतं. मलाही तेच विचारलं, आणि वर, “म्हणजे तुम्ही आमच्या संचालकसाहेबांचे भाचे?” मी हो म्हणालो. नोकरी मला मिळाली.

ती नाकारावी असं मनात आलं होतं, हे आज लिहायला काय जातं! नाकारली नाही. दादा भेटायला आला, माझा हात धरून म्हणाला, “आता लिहायचं सोडू नको. तिथं बसून नुसत्या पावत्या छापशील.” पुढं मी नेमक्या पावत्याच छापल्या.

चार महिन्यांनी तो कारखान्याच्या फाटकावर आला. धुतलेला सदरा, पण उघड्या ट्रकमधून आल्यामुळं अंगभर धूळ. “पाटील, एक डाव मशीन बघू दे. एक प्रोग्राम चालवून बघतो, लगेच जातो.” काँप्युटरची खोली थंड ठेवलेली असे, चपला बाहेर काढाव्या लागत, परक्याला मनाई होती. साहेबांना विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. मी विचारलं नाही. त्याच्या सदऱ्याकडं बघून म्हणालो, “आज साहेब आहेत. पुढच्या आठवड्यात ये.”

“बरं,” तो म्हणाला. “मशीनला धूळ चालत न्हाय, खरं हाय.” आणि आलेल्या वाटेनं परत गेला.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्या उन्हाळ्यात तलावाच्या कामावर कावीळ पसरली होती. तो गेल्याचं मला एसटीत कळलं, बारा दिवसांनी.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं पोतं अंथरलं. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायची लाज वाटत होती. तीच बोलू लागली.

“लई उपकार झाले बाबा तुमचे. कारखान्यावरनं आला त्या दिवशी दोन घास जास्ती खाल्ले त्यानं. सांगत होता, लई गार खोली हाय म्हणं. पाटलानं मला त्याच्या खुर्चीवर बसवलं म्हणं.”

मी पोत्याचा सुटलेला दोरा ओढत राहिलो.

“एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं त्याला,” ती म्हणाली. “त्यानं लिवलेलं चाललं का वो, त्या मशीनवर?”

“चाललं, मावशी,” मी म्हणालो. “पहिल्याच खेपेला चाललं.”