कुर्म्यातले पाच दिवस

माझ्यासारखी भित्री नर्स सरकारनं दुसरी नेमली नसेल. भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली मी. ट्रेनिंग संपलं आणि पहिलीच नेमणूक गडचिरोलीच्या जंगलात, एसटी जिथून परत फिरते तिथून पुढे अडीच तास पायी, माडिया आदिवासींच्या गावात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोन महिने माझ्या दारात कुणी आलं नाही. नर्सबाईच्या सुईनं बाईची कूस बंद होते, असं त्यांनी ऐकलं होतं. मी दिसले की बाया लेकरं उचलून आत जायच्या. आणि मी? त्यांच्या ढोलाला भ्यायचे, त्यांच्या गप्प राहण्याला त्याहून जास्त भ्यायचे. भरदिवसा आतून कडी लावून बसायचे. चांगली जोडी जमली होती आमची!

एका सकाळी गावाच्या कडेला एका बुटक्या झोपडीतून कण्हणं ऐकू आलं. बॅग सांभाळत वाकले आणि सरळ आत शिरले. आत तिघी होत्या. दोघी पाळीच्या, तिसरी दिवस भरलेली पहिलटकरीण, अठराएक वर्षांची. पाय सुजलेले, चेहरा पांढराफटक. मी तिच्या पोटाला हात लावला आणि बाहेर एकच गलका झाला.

ते कुर्मा होतं. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या बायकांना वेगळं ठेवायची झोपडी. जी आत शिरली ती त्यांच्यातलीच झाली. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं.

पोरीची सासू दहा पावलांवर उभी होती. तिला बाजारातली मराठी येत होती. "आता कुठी चालली, बाई? शिवली नं तू. पाच दिवस इथीच. मंग नाल्यावर आंग धुवाचं, मंग गावात."

माझं डोकंच फिरलं. शिवाशिव? आणि मला? या शिवाशिवीवर लाथ मारून आमचं घर बौद्ध झालं होतं. त्या घरातली मी, शिकलेली, सरकारी नोकरीतली, विटाळाची म्हणून कोपऱ्यात बसू? तरातरा निघालेच होते. तेवढ्यात पोरीनं माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली. मी गावात तशीच घुसले असते तर अडवणारं कोण होतं? पण मग पुन्हा तिच्याजवळ मला कुणी जाऊ दिलं नसतं, आणि त्या पोरीचं लक्षण मला काही ठीक दिसत नव्हतं. बसले. धुसफुसत बसले.

सासू पानावर भात आणून लांब ठेवायची आणि मागे सरायची. पहिल्या दिवशी मी रागानं जेवले नाही. दुसऱ्या दिवशी भुकेनं अक्कल आली.

पोरीला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं होतं. बॅग उघडताच ती कुडाला चिकटली. पाळीच्या दोघींपैकी एकीला थोडी मराठी येत होती, ती म्हणाली, "आधी तू घे." आता हसू नका, पण सुया टोचायचा पगार घेणारी मी स्वतः सुईला मरणाची भ्यायची. चुलीवर सुई उकळली, दंडाला लावली, आणि हातच हलेना. डोळ्यांत पाणी आलं. पोरगी टक लावून बघत होती. ही बया तर आपल्याहून भित्री, हे तिला कळलं असावं. तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, म्हणजे मला सुई दिसू नये. मी टोचली आणि "अगं माय वं!" करून ओरडले. तिघी पोट धरधरून हसल्या. सुई पुन्हा उकळेपर्यंत पोरीनं दंड पुढे केला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. एकटीनं केलेलं माझं पहिलं बाळंतपण. बाळ निळं पडलेलं, आवाज नाही. बाळाचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. "रड गं माझे बाई, रड!" आणि रडली. काय रडली!

बाळंतपण केलं म्हणून माझे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का, यावर गावात वाद झाला. सासू एकटी सगळ्यांशी भांडली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण वाद मिटला. त्या झोपडीशी मी स्वतः पुढे कितीतरी वर्षं भांडले. आजही ती मला मान्य नाही.

पाचव्या दिवशी सासूनं मला नाल्यावर नेलं. मला वाटलं, काठावरून पाणी टाकेल. तर लुगडं खोचून ती पाण्यात उतरली, एक चपटा दगड घेतला आणि माझी पाठ घासू लागली. लेकराची घासतात तशी, मानेपासून कमरेपर्यंत, दुसऱ्या हातानं खांदा घट्ट धरून. मला रडू फुटलं.

"काऊन रडून राह्यली? लागून राह्यलं का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून घास."