स्ट्रिपवर न छापलेली तारीख

औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एक काका उभे होते. बायकोच्या गोळ्या न्यायला आले होते. गोळ्या महाग, म्हणून चारच. दुकानदाराने कात्रीने स्ट्रिप कापली, पण तारीख छापलेलं टोक आपल्याकडेच राहील अशा बेताने. ही त्या लोकांची सवयच असते.

"हेच दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं नाही का?" काकांनी विचारलं.

"अजून नाही. पेटंटची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला बनवता येत नाही."

"ती तारीख कुठे असते?" काका हातातला तुकडा उलटसुलट करून बघू लागले.

"ती छापत नाहीत, काका."

सकाळीच पेपरात वाचलं होतं, दोन देशांचा व्यापार करार याच मुदतीवर अडलाय. एकाला वीस वर्षं पुरेशी वाटतात, दुसरा म्हणतो, परवानग्यांत आमचा वेळ गेला, तो भरून द्या. तेव्हा मी पान उलटून क्रिकेटकडे वळलो होतो. आता मात्र राहवेना. हा वीसचा आकडा कुणाला सुचला असेल? एकोणीस का नाही? शोध लावणाऱ्याची उमेदीची वर्षं त्यात जातात, कबूल. पण आजारी माणूस किती वर्षं थांबू शकतो, हे त्या वाटाघाटींच्या टेबलावर कुणी विचारलं असेल का?

"मग अजून किती दिवस?" काका.

"दिवस कसले, तीन वर्षं. करारात वाढवून दिली तर आणखी."

काकांनी गोळ्या जपून खिशात ठेवल्या.

"बरं," ते म्हणाले, "हिला सांगतो, थांब म्हणून."