जितक्या चुली, तितकी घरं

चहा घ्या, मग सांगतो. सभेत एकच वाक्य बोलून मी अख्खं गाव नवरा-बायकोसकट वेगळं काढलं होतं. खोटं वाटतं ना? ऐका तर.

कापूस पिकायचा पण भाव पडलेला, अशी ती वर्षं. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी नवाच ग्रामसेवक. लग्न झालेली दोन-दोन पोरं बापाच्या एकाच खोलीत, मध्ये पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा कूड. नवं घर बांधायची ऐपत कोणाची? तेवढ्यात वरून कागद आला: जिल्ह्यात घरं कमी पडताहेत, तुमच्या गावात किती वाढवता येतील ते जागेसकट कळवा. जागा होती, नाल्यापलीकडची सरकारी पडीक जमीन. अडलं होतं यादीपाशी.

सभेत एकानं विचारलं, "सायेब, एका घरात तीन भाऊ राह्यते. घरं किती धरायचे?"

मी ऐटीत म्हणालो, "सोपं आहे. जितक्या चुली, तितकी घरं."

झालं. दुसऱ्या दिवशी यादी करायला निघालो, तर दारोदार माती कालवणं चालू. मी पडलो परमुलखातला. मला वाटलं, इकडं कसला तरी सण असेल. चांगली जमलीय हो चूल, असं कौतुकही करत गेलो. आठवड्यानं मोजणी संपली. नव्वद उंबऱ्यांच्या गावाला दोनशे चौदा घरं हवी होती. मी छाती फुगवून यादी तालुक्याला धाडली.

तिथले साहेब स्वतःच बघायला आले. पहिलंच घर नामदेवरावांचं. म्हातारा, म्हातारी, दोन पोरं, दोन सुना. अंगणात चुली चार.

"दोन पोरांच्या, एक तुमची," साहेब म्हणाले. "ही चौथी कोणाची, आजोबा?"

"बुढीची."

"भांडण झालं का तुमचं?"

"नाई जी. भांडण काहून होईन? या सायबानं सांगतलं, म्हून वेगळे झालो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे.

बाहेर आल्यावर ते शांतपणे म्हणाले, "या गावाचं नावच यादीतून काढून टाकू का?" नामदेवरावांची धाकटी सून बाळंतीण होती, तसल्याच कुडाआड. तिची गरज काही मातीची थापलेली नव्हती. मी हात जोडले, दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस मी घरोघरी जाऊन लोकांना म्हणत होतो, बाबांनो, पुन्हा एक व्हा. लोक भले. कोणी रागावलं नाही. "आंधी सांगतलं असतं तं माती तरी वाचली असती," एवढंच म्हणाले आणि चुली फोडल्या. खरी यादी गेली, मंजूरही झाली. पुढं नाल्यापलीकडं घरं उभी राहिली, त्यात नामदेवरावांच्या दोन्ही पोरांची.

पण त्या दोन दिवसांत एक चूल काही फुटेना. नामदेवरावांची बायको, कौसाबाई, आडवी आली.

"मी नाई मोडत."

"काहून, मावशी?"

"चाळीस वर्षं समद्यायले वाढून मंग जेवली मी, सायेब. या पंधरा दिवसांत पयल्यांदा गरम भाकर खाल्ली."

नामदेवराव बाजूला बसून पिठाचा गोळा मळत होते. "राहू द्या जी," ते म्हणाले. "मीबी शिकून राह्यलो."

हा किस्सा मी घरी रंगवून सांगितला, हसत हसत, गरम भाकर मोडत. बायको तव्यापाशी बसली होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आणि हे कळायला तुम्हाला त्या गावात जावं लागलं?"

पुढची भाकर मी थापली. तव्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिचे तीन तुकडे झाले. बायकोनं तिन्ही भाजले आणि माझ्यासमोर बसून गरम गरम खाल्ले.